दारामागचा सारस

हिवराज, ट्रेलर आला. भिकार आहे.

तू गेल्यावर अकराव्या दिवशी आला, भर दुपारी. तीन वर्षं वाट पाहणाऱ्या माणसांच्या तोंडावर त्यांनी दोन मिनिटांत जे काही फेकलं, त्याला योग्य शब्द माझ्याकडे आहेत, पण हा लेख वंदना वहिनी वाचणार आहेत. ट्रेलरमध्ये काय आहे ते सांगतो, पण शेवटी. आधी आपलं भांडण पुरं करू. ते अर्धवट टाकून तू उठून गेलास. वादात हरायची वेळ आली की उठून जायचं ही तुझी खोड होती, असं मी आजवर गावभर सांगत आलो. या वेळी तू हरत नव्हतास, हीच तर अडचण आहे.

शोकसभेत वहिनींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. माझा आवाज मुर्रीत निघाला की तिरोड्याच्या म्हशी कान टवकारतात, आणि त्या दिवशी तोंडातून नुसती हवा निघाली. प्रशील गुरुजींनी हाताला धरून खाली बसवलं. लोक म्हणाले, गळा दाटून आला बिचाऱ्याचा. गळ्याला काही झालं नव्हतं. तुझ्याबद्दल चारचौघांत चांगलं बोलायचं होतं, आणि तशी आपल्यात पद्धत नाही. म्हणून लिहितो आहे.

ज्यांना आपण ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच. मी ऑटोवर भोंगा लावून जाहिरात करतो. साड्यांचा सेल, दातांचा डॉक्टर, हरवलेली म्हैस, थंडीतली नाटकं. तू मुर्रीच्या रस्त्यावर मोबाइल दुरुस्त करायचास आणि मला भोंग्या म्हणायचास. मी काहीही सांगितलं की तू त्याला चारने भागायचास. चिचगडला नाटकाची जाहिरात करायला गेलो तेव्हा आठ अस्वलं आडवी आली, असं मी सांगत होतो. दुकानात दहा माणसं जीव मुठीत धरून ऐकत होती, आणि तू हातातला पेचकस खाली न ठेवता म्हणालास, "म्हंजे दोन." दोनच होती. त्यातलं एक बहुतेक झुडूप होतं.

आता त्या पिक्चरबद्दल. त्याचं नाव मी घेणार नाही. फुकट जाहिरात मी माझ्या मेव्हण्याचीही करत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी नायक एका काळ्या दारात शिरला, दार लागलं, पडद्यावर अंधार. गोंदियाच्या टॉकीजमध्ये आपण तो चौऱ्याऐंशी वेळा पाहिला. बरं, एकवीस. त्या दाराच्या मागे काय, यावर तीन वर्षं तुझ्या दुकानात जेवढी चर्चा झाली तेवढ्या चर्चेत एखादं धरण बांधून झालं असतं.

मग या उन्हाळ्यात ती वेबसाइट आली. काळं पान. मधोमध तेच दार. दारावर सात खिळे. वर उलटं चालणारं घड्याळ, ट्रेलरला इतके दिवस, इतके तास उरले. खाली एक ओळ, "ज्याला कळेल त्यालाच उघडेल." संपलं. नायकाचा फोटो नाही, टॉकीजचं नाव नाही, काही नाही.

माझं डोकं तेव्हाच फिरलं. मीही जाहिरातवाला आहे. जाहिरात म्हणजे घरात आत बसलेल्या बहिऱ्या म्हातारीलासुद्धा कळलं पाहिजे की मंगळवारी सेल आहे. हे महाभाग जाहिरात करतात ती लपवून. सांगायचं ते सांगत नाहीत, आणि लोकांनी ते हुडकावं म्हणून गंजलेले खिळे दाखवतात. इटियाडोह धरणाचं पाणी सोडताना आख्ख्या धानपट्ट्याला साध्या भाषेत सांगता येतं, आणि यांना दोन मिनिटांचा ट्रेलर सोडायला सात खिळे लागतात.

"हे नवीन मार्केटिंग हाये भोंग्या," तू म्हणालास. "लोकं आपूनच शोधून राहतेत, आपूनच एकमेकाले सांगून राहतेत. त्याईले भोंगा नाही लागत."

"म्हणजे बिनपगारी भोंगे आपून."

"तू कायले जळून राहिला? तुले तर कोनी पगारी बी ठेवत नाही."

तेव्हा तुझं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. मुर्रीहून गोंदियाला माझ्याच ऑटोत, भोंग्याच्या खाली बसून. एका हातात सुई, दुसऱ्या हातात फोन, चार तास. घड्याळ पहिल्यांदा पाहिलंस त्या दिवशी परत येताना तू म्हणालास, "पिक्चर दिवाळीले येनार. तेवढं आपल्याच्यानं होत नाही. ट्रेलर पाहून जातो." कोणी दारात उभं राहून म्हणावं की चहा घेऊनच जातो, तसं.

मी ऑटोचा हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्या दिवसापासून ते घड्याळ माझ्या डोक्यात गेलं. जगातल्या रिकामटेकड्यांसाठी ते ट्रेलरचं घड्याळ होतं. मला त्याचे दिवस कमी झालेले दिसायचे आणि लगेच तुझ्या पायांची सूज पाहावीशी वाटायची. ट्रेलर येईपर्यंत तू टिकायला हवास, एवढंच माझं मागणं होतं. पिक्चर गेला खड्ड्यात.

दर चार दिवसांनी एक खिळा चमकायचा. पहिल्या खिळ्यावर बोट ठेवलं की ठिपके दिसायचे. तू तुझ्या फोनवर मोजले, आम्ही तुझ्या फोनवर मोजले, प्रशील गुरुजींनी वहीत नोंदवले. सत्तर. देशभरातल्या चाहत्यांच्या त्या मोठ्या ग्रुपवर भलतंच काहीतरी चाललं होतं, पण तुझ्या दुकानात चहा घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून एकच शब्द निघाला. तेंदूपत्ता. बिडीच्या पानांचा पुडा सत्तरचाच बांधतात, लहानपणापासून बोटांना ठाऊक आहे. झालं. नायक तेंदूच्या जंगलात लपला आहे, खलनायक तेंदूचा ठेकेदार आहे, आणि पिक्चर आपल्याच भागातला आहे, इथपर्यंत आपण चार दिवसांत पोचलो. मी तर नायकाची आत्या देवरीची असल्याचं दोन गावांत सांगूनही आलो. मग गुरुजींनी स्वतःच्या फोनवर मोजले तर ठिपके बहात्तर. तुझ्या फोनची काच वरच्या कोपऱ्यात फुटलेली होती. दोन ठिपके भेगेत गेले होते. सगळ्या मुर्रीचे फोन दुरुस्त करणारा माणूस स्वतः तसला फोन घेऊन फिरत होता.

"बहात्तरचा पुडा बी बांधतेत काही जन," तू म्हणालास.

"कोन?"

"घाईत असले का."

तुझ्या या चिवटपणाचा मला आयुष्यभर वैताग आला. आता त्याच्यासाठी तीन कोस चालायला तयार आहे.

सातव्या खिळ्यावर आवाज होता. चार सेकंदांचा. खाली एक रिकामा चौकोन, "आवाज कोणाचा? एका नंबरावर एकच संधी." ग्रुपवर नुसता हलकल्लोळ. पुण्याच्या एका विद्वानाने त्या आवाजाचं चित्र काढलं आणि चित्रात त्याला देवीचा मुखवटा दिसला. कोणी तो उलटा वाजवला तेव्हा नायकाच्या बापाचं नाव ऐकू आलं. एका बाईने सोळा पट हळू केला तर तिला स्वतःच्या सासूचा आवाज आला. मला हे त्यातल्या त्यात पटलं. शिकलीसवरलेली, नोकऱ्या करणारी, घरी लेकरंबाळं असलेली माणसं कानाला फोन लावून चार सेकंद चाटत बसली होती. मी त्यांना मनसोक्त हसलो. मग मीही कानाला फोन लावला. माझं सगळं आयुष्य आवाजात गेलं आहे, तेव्हा माझा निकाल पक्का होता. राइस मिलचं गंजलेलं फाटक.

तू एकदाच ऐकलंस. "सारस हाये हा."

ज्यांनी सारस पाहिला नाही त्यांना सांगतो. माणसाच्या उंचीचा पक्षी, लाल डोकं, नेहमी जोडीने. आपल्या जिल्ह्यात तळ्यांच्या काठी आणि धानाच्या बांध्यांत उरले आहेत थोडे. दर वर्षी उन्हाळा सरत आला की पहाटे माणसं तळ्यांवर जाऊन दडून बसतात आणि त्यांची मोजणी करतात. तू सतरा वर्षं एकही मोजणी चुकवली नाहीस. मलाही एकदा नेलंस. तिथला नियम एकच होता, बोलायचं नाही. मी पाच तास बोललो नाही. तुझ्या हिशेबाने सव्वा तास. खरं म्हणजे पाऊण मिनिट, आणि मग तू मला कॉलरला धरून ऑटोत नेऊन बसवलंस.

तू मोठ्या ग्रुपवर लिहिलंस, "हा सारस आहे. हिवराज, मुर्री, गोंदिया." इतकं सरळ तिथे आजवर कोणी लिहिलं नव्हतं. पुण्याच्या विद्वानाने उत्तर दिलं, "दादा, एवढा मोठा पिक्चर आहे. तुमच्या शेतातला बगळा नाही." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दीडशे असतील.

त्यात एक माझा होता. तू पाहिलास, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी ऑटोत बसताना तू फक्त म्हणालास, "चाल, फाटक."

मग मी तुला आव्हान दिलं. सारस आहे ना, तर सारसालाच विचारू. तू आधी तयार नव्हतास. पाखराला फसवायचं नाही, म्हणालास. मग अंडी घालायचा काळ अजून लांब आहे म्हणून कबूल झालास, पण एकदाच वाजवायचं आणि हळू, ही अट घातलीस. सकाळी साडेपाचला आपण तळ्यावर. तू ऑटोत, गुरुजी वही घेऊन बांधावर, मी भोंग्यापाशी. समोर आटलेल्या पाण्यात खरंच एक जोडी उभी होती. मी पेन ड्राइव्ह लावला. मला वाटलं आवाजाची फाइल पहिली आहे. पहिली होती ती साड्यांच्या सेलची. "माता-भगिनींनो" हा शब्द त्या तळ्यावरून असा गेला की बगळे, बदकं, टिटव्या आणि एक शौचाला बसलेले गृहस्थ एकदम उठले. सारस मात्र उडाले नाहीत. दोघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या तुच्छतेने माझ्या सासऱ्यानेही माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही.

मग ते चार सेकंद वाजवले. नराने डोकं वर केलं. थांबला. वाट पाहिल्यासारखा उभा राहिला, आणि मग पुन्हा चिखलात चोच घातली.

"नाही बोलला," मी म्हणालो. "लिहा गुरुजी, फाटक."

"अर्धीच हाक हाये ना बे," तू ऑटोतून म्हणालास. दम लागला होता तुला. "सारस एकटा नाही बोलत. नर एकदा, मादी दोनदा. मंग फिरून नर एकदा, मादी दोनदा. त्याईनं मादी बोलाच्या आंधीच कापलं. तो पाहून राहिला होता, मादी कुठी गेली म्हनून. अर्ध्या हाकेले कोन उत्तर देईन?"

"हरलेला मानूस असाच बोलते."

गुरुजी म्हणाले, "मी काहीच लिहीत नाही गा. तुम्ही दोघं आधी ठरवा."

आपण कधीच ठरवलं नाही.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. घड्याळात नऊ दिवस उरले होते. तू आत डायलिसिसला, मी दवाखान्याबाहेर ऑटोत. ऊन असं की डांबरावर पापड भाजून निघावेत. तुझे पाय त्या दिवशी जास्त सुजलेले दिसले होते आणि डॉक्टर वहिनींना बाजूला घेऊन बोलले होते. मला त्या काळ्या दाराचा एवढा संताप आला की मी फोन काढला आणि उत्तराच्या चौकोनात लिहिलं, "काऊन त्रास देऊन राहिला बे." माझा नंबर टाकला.

दार उघडलं.

"अभिनंदन. तुम्हाला कळलं. गुपित फोडाल तर दार पुन्हा लागेल." आणि दाराच्या मागून एका थंड पेयाची बाटली पुढे आली, थेंबाथेंबाने निथळत.

मी बायकोचा नंबर टाकून "म्हैस" लिहिलं. अभिनंदन. ऑटोवर रंगवलेला धंद्याचा दुसरा नंबर टाकला आणि काहीच लिहिलं नाही. अभिनंदन, तुम्हाला कळलं. म्हणजे महिनाभर आख्खा देश ज्या कुलपापुढे किल्ल्या घासत बसला होता तिथे कुलूपच नव्हतं. त्यांना उत्तर नकोच होतं, फोन नंबर हवा होता. ज्याचं ज्याचं दार उघडलं तो स्वतःला शहाणा समजून गुपित राखत गप्प बसला होता. पुण्याचा विद्वान देवीचा मुखवटा लिहून धन्य झाला असेल, ती बाई सासू लिहून. इतक्या माणसांचा इतका स्वस्त अपमान मी पाहिला नव्हता. मी बनावट तुपाची जाहिरात केली आहे, पण तिथे निदान डबा तरी द्यायचे.

मी तुला सांगायला तावातावाने आत आलो. तू डोळे मिटून पडला होतास. कानात इअरफोनची तार, ओठ हलत होते. एक. मग दोन. पुन्हा एक, दोन. जिथे आवाज कापला होता तिथे तू मनाने मादीचा भाग जोडत होतास.

मला पाहून म्हणालास, "लिहूनच टाकतो आता. जास्त दिवस ठेवाची वस्तू नाही हे."

सुईच्या हाताने तुला लिहिता येईना. डाव्या हाताने तीन अक्षरं लिहिलीस, सारस. नंबर टाकलास. दार उघडलं. तुझ्या फुटक्या काचेत ते दार मधोमध चिरलेलं दिसत होतं. तू फोन माझ्याकडे वळवलास.

"पाह्य."

मी त्या बाटलीवरचे थेंब मोजू लागलो.

"काऊन बे, आज भोंगा बंद?"

सांगायचं जिभेवर आलं होतं. हिवऱ्या, म्हैस लिहिलं तरी उघडते. पण तुझा चेहरा कित्येक महिन्यांत तसा दिसला नव्हता. मला तुझी दया आली. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याशी गोड बोललो.

"मानलं तुले," मी म्हणालो. "साऱ्या देशात तूच एक."

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मशीन घुमत होती.

"चारनं भागू का?"

मी म्हटलं, "काय?" तू डोळे मिटून घेतलेस आणि तार पुन्हा कानात घातलीस. त्यावर आपण नंतर एक शब्दही बोललो नाही. तुला काही कळलं होतं का, ते आता कोणाला विचारू?

घड्याळात तीन दिवस उरले असताना तू गेलास. कसा, केव्हा, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि ते घड्याळ शून्यावर आलं तेव्हा ट्रेलर आलाच नाही. घड्याळ पुन्हा आठ दिवस दाखवू लागलं. खाली लिहून आलं, "वाट पाहण्यातच मजा आहे." मी ते वाचलं आणि मला त्या हरामखोरांना एकदा, फक्त एकदा, माझ्या ऑटोत घालून आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावंसं वाटलं. तिथे खुर्च्यांवर रांगेने माणसं असतात. वाट पाहण्याची मजा ती नीट समजावून सांगतील. तू आणखी तीन दिवस काढले असतेस तरी त्यांनी तुला फसवलंच असतं. कुलूप खोटं होतं, तसं घड्याळही खोटं होतं.

अकराव्या दिवशी वहिनींनी दुकानाचं शटर वर केलं. मी आणि गुरुजी होतो. मी माझा फोन काढला तर वहिनी म्हणाल्या, "त्याईच्याच फोनवर पाहा भाऊ." म्हणून त्या फुटक्या काचेतून पाहिला.

बर्फ. डोंगरभर बर्फ. नायक उघड्या छातीने उभा, अंगावर काटाही नाही. तलवार गरगरते, घोडा पडतो, एक बाई ओरडते, पुन्हा तलवार. खलनायकाच्या डोक्यावर शिंगं, ती एका बाजूला सैल झालेली मला दिसली. मी अख्खा वेळ मनात शिव्या मोजत होतो. मग शेवटी ते दार. उघडलं. आत काळोख. आणि काळोखातून आवाज आला, न कापता, पुरा.

एक. मग दोन. पुन्हा एक. मग दोन.

गुरुजींची वही मांडीवरून खाली पडली. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "भाऊ, सारस ना हा? हे आंघोळ करता करता असेच ओरडत."

बर्फाच्या डोंगरात, हिवराज. जिथे साधी चिमणी गोठेल तिथे धानाच्या बांधीतली जोडी बोलत होती.

पण खरी गंमत पुढे आहे. पिक्चरवाल्यांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जाहीर केलं की तो दैत्याचा श्वास आहे आणि तो घडवायला त्यांच्या माणसांनी महिनाभर रात्रंदिवस खपून नवं तंत्र काढलं. दीड हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या विद्वानाला त्या श्वासात अजून देवी दिसते आहे. त्यांना खरंच ठाऊक नाही रे. कोणी तरी कुठून तरी एक आवाज उचलला, कोणी त्याच्यावर दैत्य असं लिहिलं, कोणी त्याचे चार सेकंद कापून दारावर लावले. कोडं घालणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणूनच त्यांच्या दाराला काहीही चालत होतं, म्हैसही, रिकामी जागाही. त्या चौकोनात लाखो लोकांनी जे लिहिलं तो सगळा कचरा, माझ्या तीन उत्तरांसकट. एक उत्तर बरोबर होतं आणि ते डाव्या हाताने लिहिलेलं होतं.

या सगळ्यांना मी मूर्ख म्हणतो आहे, आणि म्हणत राहीन, पण खुर्चीजवळ उभा राहून ज्याने तुझ्यावर दया केली त्याचं काय करू? दीडशे जण तुला हसले, ते निदान उघड हसले. मी हसून झाल्यावर तुला खोटंच जिंकू दिलं, आणि स्वतःला मोठ्या मनाचा समजून ऑटो चालवत घरी गेलो. खरं जिंकलेल्या माणसाला.

म्हणून काल मी एक काम केलं. सकाळी ऑटोवर भोंगा बांधला. साड्या नाहीत, दात नाहीत. मुर्रीपासून सुरुवात केली आणि दर चौकात गाडी थांबवून सांगितलं, "ऐका हो ऐका. सात खिळ्यांच्या दारामागचा आवाज सारसाचा आहे. ओळखणारा, हिवराज, मोबाइल दुरुस्तीवाला, मुर्री. ज्यांनी ज्यांनी बगळा म्हटलं त्यांनी कान उघडे ठेवावे." एका म्हातारीने विचारलं, सेल किती दिवस आहे? मी म्हटलं, आजी, एकच दिवस.

तळ्याच्या वळणावर आलो तेव्हा पाण्यात ती जोडी उभी होती. मी भोंगा बंद केला. इंजिन बंद केलं. पाऊण मिनिट झालं, मग सव्वा तासही झाला असेल. मी बोललो नाही. गुरुजी म्हणतात, परवापासून मोजणी आहे, तुझ्या जागी एक माणूस कमी आहे. मी हो म्हटलं आहे.

बऱ्याच वेळाने नराने मान वर केली. तो एकदा बोलला. ती दोनदा बोलली.

हिवराज, साऱ्या देशात तूच एक. याला चारने भागू नकोस.